टक वाजणारी आकडी

शहापूर आणि मुरबाड हे तालुके आमच्या कल्याणपासून इतके जवळ आहेत की तिकडे जाण्याला प्रवास म्हणायचं का, असं बायकोने निघताना विचारलं होतं. तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आता आहे. माघ महिन्यात मी डोळखांबच्या रानात राहिलो, मुरबाडला मुक्काम केला, वैशाखऱ्याच्या पुढे घाटाची जुनी वाट चढलो, आणि पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो. ज्याने मला घाबरवलं ती तळहाताएवढी वस्तू मी स्वतः, घरी बसून बनवली होती. म्हणून आधी त्या वस्तूबद्दल लिहितो.

मला फोटो काढायचा नाद आहे. कॅमेरा जुना आणि जड. गळ्यात अडकवून चढायला लागलं की तो पोटावर आपटत राहतो आणि मान धरते. हातात घेतला तर एकच हात उरतो, आणि माझ्यासारख्या गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढणीवर दोन्ही हात लागतात. सॅकच्या पट्ट्यावर, छातीशी कॅमेरा अडकवायच्या क्लिपा बाजारात मिळतात. पण आपल्या हाताने काही करावं अशी हौस मला या वयात लागली होती.

सरकत्या खिडकीची उरलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी माळ्यावर पडून होती. तिचे दोन तुकडे कापले. सॅकचा पट्टा त्या दोन तुकड्यांमध्ये दाबायचा आणि बोल्ट आवळायचे. पुढच्या तुकड्याच्या दोन्ही कडा आत वळवल्या, त्यामुळे मध्ये एक खाच तयार झाली. कॅमेऱ्याच्या बुडाला एक चौकोनी चकती बसवली. ती खाचेत वरून सरकवायची. खाच खालून बंद, म्हणून कॅमेरा खाली पडत नाही. वरून निसटू नये म्हणून एक छोटी खिटी, तिला आतून ढकलणारी बॉलपेनमधली स्प्रिंग. चकती पूर्ण बसली की खिटी तिच्या डोक्यावर येते आणि ‘टक’ असा आवाज होतो. त्या आवाजाने मी लहान मुलासारखा खूश झालो होतो.

पण ते दुसऱ्या क्लिपेच्या वेळी. पहिली बनवताना ड्रिल हललं आणि खिटीचं भोक वाकडं पडलं. मी ते भेगा बुजवायच्या चिकट पुटीने भरलं, कानशीने घासलं, वरून काळा रंग मारला. दिसायला ती क्लिप उत्तम झाली. खिटी पुढे यायची, टकही वाजायचं, पण ते वाजणं खिटी पुटीच्या काठाला आपटल्याचं होतं. चकतीच्या डोक्यावर ती जेमतेम नखाएवढी यायची. हे मला पक्कं माहीत होतं. मग मी दुसरी बनवली, नीट. पहिली टाकून द्यायला हवी होती. आख्खा रविवार घालवलेली वस्तू टाकवेना, म्हणून जास्तीची म्हणून सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

डोळखांब

माझ्या खात्यात काम करणाऱ्या गोविंदाचं घर डोळखांबच्या पुढे एका पाड्यावर आहे. पाड्याचं नाव लिहीत नाही, आणि माणसांचीही नावं मी बदलली आहेत. तिथे त्याचा थोरला भाऊ बुधाजी आणि वहिनी हिरूबाई राहतात. भात आणि नाचणी करतात, पावसाळा सरला की मिळेल ते काम. गोविंदाने फोनवर सांगून ठेवलं होतं, तरी हिरूबाईने मला दारात पाहून पहिला प्रश्न केला, “जेवून आलांव का उपाशी?” आमच्या इमारतीत शेजारी आला तर आम्ही आधी जाळीच्या दारातून नाव विचारतो.

तांदळाची भाकरी, वालाची आमटी आणि सुक्या बोंबलाची चटणी, असं जेवण झालं. भाकरी इतकी पातळ की तिच्यातून चुलीचा उजेड दिसावा. हिरूबाई ती परातीत न थापता हातावर फिरवून मोठी करायची आणि बोलणं चालूच ठेवायची.

बुधाजी रानातून आला तेव्हा त्याच्या कमरेला मागे कोयता लटकत होता. या भागात बहुतेक पुरुषांच्या कमरेला तुम्हाला तो दिसेल. तो अडकवायला लाकडाची वाकडी खुंटी असते, तिला आकडी म्हणतात. दोन्ही हात मोकळे राहतात, आणि कोयता लागेल तेव्हा मागे हात नेला की हातात. घरात शिरताना आपण चपला काढतो. बुधाजीने आधी कोयता काढून कुडाच्या भिंतीत खोचला, मग चपला काढल्या.

माझ्या सॅकवरची क्लिप त्याने चटकन हेरली.

“ही काय लावलीय?”

“क्लिप आहे. कॅमेरा अडकवायला. मी घरी बनवली.”

“क्लिप कशाची? ही तं आकडी!” तो हसला. “आपल्या कॅमेऱ्याची आकडी हाय ही. बघ गो, सायबानं आकडी केली.”

मी त्याला कॅमेरा सरकवून दाखवला. टक. त्याने स्वतः काढून पुन्हा घातला. टक. मग पुन्हा. त्याच्या चेहऱ्यावर मला माझाच त्या रविवारचा आनंद दिसला.

“बास करा आता,” हिरूबाई चुलीपाशी बसून म्हणाली. “पाव्हन्याचा डबा मोडाल नि मं देऊ भरून.”

“अगं, ही बोलते! आपली आकडी कवा बोलली काय?” मग माझ्याकडे वळून त्याने आपली आकडी दाखवली. “आता ही पार झिजली ओ. परवा कोयता घसरून गवतात पडला. अर्धा दीस हुडकत व्हतो.”

त्याने मागितलं काहीच नव्हतं. मीच म्हणालो, “माझ्याकडे आणखी एक आहे. घ्या तुम्हाला.”

सॅकच्या पट्ट्यावरची चांगली क्लिप सोडवायला फार वेळ लागला नसता. माझा हात आतल्या कप्प्यात गेला. मी मनाशी म्हटलं, कॅमेरा नाजूक असतो, कोयता काय, लोखंडच. हे मी शब्दाशब्दाने म्हटल्याचं आठवतं, कारण नंतर ते शब्द मला सोडीनात.

मग मी माझा स्क्रू-ड्रायव्हर काढून अंगणात बसलो. त्या क्लिपेच्या जोडीची चकती कोयत्याच्या मुठीला, पात्याच्या जवळ, स्क्रूने पक्की केली. क्लिप त्याच्या चामडी पट्ट्यावर मागच्या बाजूला आवळली. पातं खाली, मूठ वर. बुधाजीने कोयता सरकवला. टक.

“ओढून बघा,” तो म्हणाला.

मी कोयता खाली ओढला. हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला. हलला नाही. बुधाजीने मान डोलावली. खालून वर उचलून मी पाहिलं नाही. तसं पाहिलं तर काय होईल हे मला ठाऊक होतं म्हणूनच पाहिलं नाही.

“झालं! आता भाकरी पन तिलाच मागा,” हिरूबाई म्हणाली.

“तू जळतेस.”

“मी कशाला जळू? ही जळंल.” तिने जुनी आकडी उचलून सरपणाच्या ढिगावर टाकली. सकाळी माझ्यासाठी केलेला गुळाचा कोरा चहा त्याच चुलीवर झाला, आणि जाळात ती आकडी होती.

चहा पिताना मी त्यांना दिवसभराचं काम विचारलं. राबाचे दिवस होते. भाताची रोपं टाकण्याआधी जमीन भाजतात, त्यासाठी पालापाचोळा लागतो. तो मिळवायला पुरुष ऐनाच्या झाडावर शेंड्यापर्यंत चढतात आणि पानांसकट फांद्या तोडतात. खाली बाईमाणूस त्या गोळा करून भारे बांधतं.

“कोयता घेऊन चढता?” मी विचारलं.

“मं काय, दातांनी तोडू?” बुधाजी म्हणाला.

मी हसलो. एसटीची वेळ झाली होती. निरोप घेऊन निघालो. सांगायचं असतं तर ती वेळ होती.

मुरबाड

मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे गावाचा सगळा जीव एसटी स्टँडभोवती आणि कल्याणच्या जीपांभोवती आहे. मी एका साध्या लॉजवर उतरलो. गावात हिंडलो, बाजारात पावट्याच्या शेंगांचे ढीग पाहिले, फोटो काढले. क्लिप उत्तम चालत होती. जिथे जेवलो तिथल्या वाढप्यानेही विचारलं, “सर, पडत नाय काय तो कॅमेरा?”

“नाही, ऐका,” म्हणून मी त्याला टक वाजवून दाखवलं.

आवाज ऐकला आणि मी हातातला घास ताटात परत ठेवला. हा आवाज बुधाजीने शिकून घेतला होता. टक म्हणजे बसलं, असं त्याला मीच दाखवलं होतं. त्याच्या क्लिपेत टक म्हणजे काहीच नव्हतं.

खोलीवर येऊन मी बुधाजीला फोन लावला. पाड्यावर रेंज नसते. तरी लावत राहिलो. मग स्वतःची समजूत काढली की कोयता वजनाने खालीच ओढतो, वर कशाला उचलला जाईल? झोप लागली, पण चांगली नाही.

वैशाखरे

माळशेजच्या रस्त्यावर वैशाखऱ्याला सकाळी जीपने उतरलो. समोर सह्याद्रीची भिंत. पळस ऐन भरात होता, निष्पर्ण झाडांवर लाल फुलं पेटल्यासारखी. ज्यांनी ही घाटवाट पाहिली नाही त्यांना एवढंच सांगतो की सुरुवातीची पायवाट प्रेमळ आहे. रान, पाखरं, सावली. मग ती अचानक दगडांची होते आणि उभी राहते. जागोजागी पायऱ्या, कुठे मोडलेल्या, कुठे मुळांनी उचललेल्या. मी दोन्ही हात टेकून चढत होतो आणि क्लिप बनवल्याबद्दल स्वतःला शाबासकी देत होतो. वाटेवर तांबडी धूळ इतकी की शर्टाच्या खिशात साठली.

एका मोठ्या दगडावर चढायला मी पुढे वाकलो, जवळजवळ चार पायांवर. छाती खाली झाली. टक असा आवाज झाला. मी कशालाच हात लावला नव्हता. कॅमेरा खाचेतून सरकून माझ्या हनुवटीला घासून गेला, दगडावर आपटला, उसळला आणि वाटेवरून खाली गेला.

खालून तीन बायका डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन येत होत्या. कॅमेरा पहिलीच्या पायाशी येऊन फुटला. ती थबकली. डोक्यावर ओझं असल्यामुळे तिला मान वर करता येत नव्हती. तशीच, समोर बघत ती ओरडली, “कोण रं वर? माकड हाय का मानूस?”

“माणूस आहे! लागलं का हो?”

“नाय लागलं. वीतभर पुढं असते तं डोकं फुटलं असतं मं!”

“माकडाला तरी अक्कल असती,” मागची म्हणाली, आणि तिघीही हसल्या. वर आल्यावर पहिलीने माझं तोंड पाहिलं आणि तिचं हसू गेलं. “बसा भाऊ. पानी प्या. डबा गेला तं गेला, मानूस हाय ना.”

मी क्लिप तपासली. खिटीच्या भोकात धूळ भरून ती आत अडकली होती. कॅमेरा बसवताना टक वाजलं असेलही, पण नंतर धक्क्याधक्क्याने ती मागे सरकली होती. आणि ही चांगली क्लिप. नीट बनवलेली, मी स्वतःसाठी ठेवलेली.

झाडावर चढणारा माणूस वाकतो. फांद्यांमधून जाताना खालची फांदी कोयत्याला वर ढकलते. झाडावर धूळ असते, सालीचा भुसा असतो. आणि खाली, बरोबर खाली, हिरूबाई वाकून टहाळे गोळा करत असते. हे सगळं मला एकदम दिसलं. कॅमेऱ्याचे तुकडे न उचलता मी खाली उतरू लागलो.

परत

रस्त्याला लागल्यावर रेंज आली. बुधाजीचा फोन बंदच. गोविंदाला लावला.

“गोविंदा, तुझ्या भावाला निरोप देता येईल का? मी दिलेली ती आकडी जरा सैल आहे. वापरू नका म्हणावं.”

“सैल हाय होय? सर, आता तो रानात असणार. संध्याकाळी वाण्याच्या फोनवर सांगतो. तुमी कशाला एवढी काळजी करताय? तो पक्क्या हाताचा मानूस हाय.”

“जरा सैल” असं मी म्हणालो. “कोयता पडून तुझी वहिनी मरेल” असं म्हणायला पाहिजे होतं. तसं म्हटलं असतं तर त्याने पुढचा प्रश्न विचारला असता, की तुम्हाला कसं माहीत. त्या प्रश्नाला मी इतकं भीत होतो की एका बाईच्या जिवापेक्षा तो मला मोठा वाटला. हे लिहिताना लाज वाटते.

वैशाखऱ्याहून सरळगावपर्यंत जीप मिळाली. माझ्या समोरच्या सीटवर एक म्हातारा बसायला आला. बसण्याआधी त्याने मागे हात नेऊन कोयता काढला आणि पातं खाली करून मांडीशी धरला. मी सगळा रस्ता त्या पात्याच्या कडेकडे पाहत होतो. ती कडा दगडावर घासून पांढरी झाली होती.

“काय पाव्हनं, भ्या वाटतं काय?” म्हाताऱ्याने विचारलं.

“हो,” मी म्हणालो. तो गमतीने हसला आणि त्याने कोयत्यावर टॉवेल टाकला.

सरळगावला किन्हवलीची गाडी भरल्याशिवाय सुटेना. मी ड्रायव्हरच्या मागे लागलो. “कुणी आजारी हाय का?” त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. “मं बसा की निवांत.” किन्हवलीहून एका भाजीवाल्याच्या टेम्पोत पुढे. दुपार कलली होती तेव्हा पाड्यावर पोचलो.

बुधाजीच्या दाराला कडी. शेजारच्या ओट्यावर एक आजी वाल सोलत बसली होती.

“आजी, बुधाजी कुठं?”

“रानात. ऐनावर. दोघं बी गेल्यात.” मग तिने मला निरखलं. “तुमीच का ते आकडीवालं?”

मी मान हलवली. तिने हाताने ओढ्याकडे दाखवलं. “जा, जा. आवाज येतोय ना, त्याच अंगाला जा.”

आवाज येत होता. ठक, ठक, ठक. ओढा ओलांडून मी त्या दिशेने जवळजवळ धावत सुटलो. आवाज येतो आहे तोवर कोयता त्याच्या हातात आहे, हे मला कळत होतं. तोवर खालचं माणूस त्यातल्या त्यात सुखरूप. आवाज थांबला की कोयता आकडीत.

आवाज थांबला.

मी जागच्या जागी उभा राहिलो. रानात काही हलेना. मग बाईचा मोठा आवाज आला, “वाजलं काय?”

वरून उत्तर आलं, “वाजलं!”

थोड्या वेळाने पुन्हा ठक, ठक. मी पुन्हा धावलो. पुन्हा शांतता, पुन्हा ती हाक, “वाजलं काय?” आणि पुन्हा, “वाजलं!”

काय चाललं आहे ते मला तेव्हा समजलं. कोयता अडकवला की टक वाजलं का, हे हिरूबाई खालून विचारत होती, आणि वाजल्याचं ऐकल्यावरच झाडाखाली जात होती. ज्या आवाजात काही अर्थ नव्हता त्याच्या भरवशावर दोघं काम करत होती.

झुडपं बाजूला सारली तर समोर ऐन. बुधाजी पार वर, आडव्या फांदीवर, पाठमोरा. हिरूबाई खाली वाकलेली. तिच्या उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत पांढरी पट्टी होती. एकाच हाताने ती टहाळे ओढत होती. कोयता बुधाजीच्या कमरेला होता, आणि तो दुसऱ्या फांदीकडे जायला वाकत होता.

हिरूबाईचा हात धरून तिला ओढावं असं मनात आलं. परक्या बाईला हात कसा लावायचा, असंही आलं, आणि मी खांबासारखा उभा राहिलो. शेवटी ओरडलो, “वहिनी, बाहेर या! झाडाखालून बाहेर या! बुधाजी, कोयता हातात घ्या! ती आकडी वाजली तरी धरत नाही!”

हिरूबाई दचकून बाहेर आली. वर बुधाजीने मागे हात नेला. कोयता त्याच्या हातात लगेच आला. खिटी दाबावीच लागली नाही. त्याने ते पाहिलं. मग कोयता खोडात खोल हाणून तिथेच ठेवला आणि मोकळ्या हातांनी खाली उतरला.

“हाताला काय झालं?” मी हिरूबाईला विचारलं. कशासाठी विचारलं कुणास ठाऊक.

“तुमी गेलांव त्याच दिवशी कोयता पडला. डोक्यातच यायचा, मी हात वर केला. सरकारी दवाखान्यात टाके घातले.” तिने नवऱ्याकडे पाहिलं. “ह्यांनी नीट लावलाच नाय. नव्या वस्तूचं कवतुक, नि ध्यान कुठं दुसरीकडं. लय बोलले मी. आता आज बी नाय चढनार म्हनत व्हते झाडावर. म्हटलं मी खालून इचारते, तुमी वाजल्याबिगर हात सोडू नका.”

बुधाजी जमिनीकडे पाहत होता. “टक वाजलं व्हतं,” तो हळू म्हणाला. “मी कालपास्नं सांगतोय. वाजलं व्हतं.”

“मं पडला कसा?”

“तेच तं.”

मी सांगितलं. ड्रिल, वाकडं भोक, पुटी, काळा रंग, सगळं. पुटी म्हणजे काय हे त्यांना विचारावंसं वाटलं नाही. मी बोलायचं थांबल्यावर बुधाजीने मान वर केली.

“म्हंजे माझं चुकलं नव्हतं?”

“नाही.”

“तुमाला म्हाईत व्हतं?”

“हो.”

“देताना?”

“देताना.”

त्याच्या डोळ्यांत राग असता तर मला सोपं गेलं असतं. रागाच्या आधी तिथे सुटका आली होती, कोयता आपल्या हातून पडला नाही याची. ती पाहून मला अंग लपवावंसं वाटलं. मग रागही आला. त्याने पट्टा सोडला, क्लिप त्यातून ओढून काढली आणि ओढ्याच्या दिशेने जोरात भिरकावली.

“कुत्र्याला बी आपून नासकं घालीत नाय ओ,” तो म्हणाला.

“पुरं आता,” हिरूबाई म्हणाली. तो आवाज माझ्या बाजूचा नव्हता. मला म्हणाली, “पाव्हनं, काल मी ह्यांना आईबापावरनं बोलले. ते आता कुठं टाकू?”

मी हात जोडले. तिने माझ्या हातांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

कोयता झाडावरच होता. बुधाजी पुन्हा चढला. आता तो अडकवायला काहीच नव्हतं. वरून तो ओरडला, “सरा. दोघं बी सरा. पाव्हनं, तुमी पन, लांब.” मोकळ्या जागेवर त्याने कोयता टाकला. तो हवेत एकदा वळला आणि पात्याकडून जमिनीत रुतला. मी तो काढायला पुढे झालो.

“ऱ्हाऊ द्या,” हिरूबाई म्हणाली, आणि डाव्या हाताने तो उपटला.

मी भारे डोक्यावर घेऊन पाड्यापर्यंत आणले. कोणी घ्या म्हटलं नाही, कोणी नको म्हटलं नाही. दवाखान्याचा, औषधाचा खर्च मी देईन म्हणालो. बुधाजी म्हणाला, “ते गोविंदाशी बोला.” मला शेवटची एसटी धरायची होती, पण हिरूबाई दारात उभी राहिली. “उपाशी जाल काय? असं नसतं आमच्यात.”

तिच्या उजव्या हाताला भाकरी जमत नव्हती, म्हणून बुधाजी चुलीपुढे बसला. पीठ पातळ झालं, मग घट्ट झालं. पहिली भाकरी तव्यावर टाकताना दुमडली. दुसरी एका कडेला जाड, मध्ये फाटलेली. हिरूबाई भिंतीला टेकून बघत होती.

“ही काय वहाण केलीय?” ती म्हणाली.

“पोटात जाऊन भाकरीच व्हते.”

“अवो, उलटा तरी! जळली बघा.”

त्याने घाईने उलटायला बोट लावलं, चटका बसला आणि बोट तोंडात घातलं. हिरूबाई हसली. हसताना हाताला कळ गेली असावी, तिने पट्टी धरली, तरी हसत राहिली. मग तोही हसला, तिच्याकडे बघून, बहुधा दोन दिवसांत पहिल्यांदा. मी पाटावर बसून होतो. मला कोणी त्या हसण्यात घेतलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

बुधाजीने जळलेली भाकरी बायकोच्या ताटातून काढून स्वतःच्या ताटात घेतली. त्यातल्या त्यात बरी, गोल झालेली होती ती माझ्या ताटात वाढली. मी मान खाली घालून ती सगळी खाल्ली.